डाव्या बाहीची पट्टी

विनी हार्लंड कोट घेऊन आली तेव्हा हेटी स्टॅदर्स चुलीपुढं बसून बटाटे सोलत होती. दुपारच होती तशी. पण हल शहरातली नोव्हेंबरची दुपार ती! हंबर नदीवरून उठलेलं धुकं सरळ गल्लीत शिरायचं, बंदरावरचा मासळीचा वास सोबत आणायचं, आणि चहाची वेळ व्हायच्या आत घराघरांत दिवे लागायचे.

"ये आत, आणि दार लाव. सगळं धुकं घेऊन येतेस काय घरात?" हेटी म्हणाली.

विनीनं निळा कोट टेबलावर टाकला आणि खिशातून कागदाची पुडी काढली. दोघी एकाच ठाण्याच्या वॉर्डन. जर्मनीशी लढाई सुरू झाल्यापासून हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की शिरस्त्राण चढवून बाहेर पडायचं, लोकांना तळघरात ढकलायचं, कुठं काय कोसळलं ते कळवायचं, हे त्यांचं काम. हेटी मूळची शिवणकाम करणारी, त्यामुळं ठाण्यातल्या सगळ्यांची बिल्ले-फिती टाचायची कामं तिच्याच गळ्यात. विनीला तर दुसरा इलाजच नव्हता. तिच्या डाव्या हाताची बोटं आत वळून तशीच राहिली होती. त्या हातात सुई काय, साधा चमचा धरता यायचा नाही.

"एवढं टाचून दे गं," विनी म्हणाली. "डाव्या बाहीवर, मनगटाच्या वर. उभी लावायची हं, आडवी नको, ठाण्यावर ब्लेंकिनसाहेबांनी बजावून सांगितलंय."

पुडीत बोटाच्या दोन पेरांएवढी सोनेरी पट्टी होती. बॉम्बहल्ल्यात जखमी झालेल्या वॉर्डनांनी, आग विझवणाऱ्यांनी, ढिगारे उपसणाऱ्यांनी सैनिकांसारखी सोनेरी पट्टी लावावी, असं त्या वर्षी सरकारनं ठरवलं होतं. ठाण्यात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

"हीच का ती?" हेटीनं विचारलं.

"हीच बाई. एवढीशी. लंडनच्या लोकांना मिळाली तेव्हा पेपरात गावाचं नाव आलं. आपलं नाव शत्रूला कळू नये म्हणून कसं छापतात ठाऊक आहे ना? 'ईशान्य किनाऱ्यावरील एक शहर.' मग हा माझा ईशान्य किनाऱ्यावरील एक हात!" विनी आपल्याच विनोदावर खदखदून हसली. मग तिनं पट्टी बोटानं टेबलावर सरळ केली. "खरं सांगू हेटी? क्लेमच्या कोटावर शोभली असती ही. पण मेलेल्याला देत नाहीत म्हणे. जखमी हवा आणि जिता हवा."

हेटीच्या हातातली सुरी बटाट्यात थांबली.

क्लेम. कशी सहज नाव घेते बघा! जसा काही हिचाच नवरा होता.

"उद्या संध्याकाळी घेऊन जा," हेटी म्हणाली. चहा काही तिनं विचारला नाही.

आता हेटीच्या पोटात काय सलत होतं, ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली, हल शहर पेटलं होतं ती रात्र. त्या रात्री क्लेमबरोबर फेरी होती हेटीची. पण तिला ताप भरला होता, आणि क्लेम म्हणाला, "तू घरी राहा. विनी येईल माझ्याबरोबर." विनी आली. दोघं पलीकडच्या गल्लीत एका घरातली म्हातारी बाहेर काढायला शिरले आणि घराची भिंत त्यांच्यावर आली.

हेटी ताप घेऊन तशीच धावली होती. ढिगाऱ्यावर माणसं खणत होती. अधूनमधून मुकादम शिट्टी मारायचा. शिट्टी झाली की सगळ्यांनी जिथल्या तिथं थांबायचं, खोकायचंसुद्धा नाही. मग एकजण विटेवर तीन ठोके द्यायचा आणि कान लावायचा. आतून तीन ठोके परत आले. त्यामागून क्लेमचा आवाजही आला. शब्द कळत नव्हते. पण तो बोलत होता, उजाडेपर्यंत बोलत होता.

भिंत उचलली तेव्हा क्लेम गेलेला होता. विनी जिवंत होती आणि तिचा डावा हात क्लेमच्या मुठीत होता. मूठ अशी घट्ट की दोन माणसांना बोटं एकेक करून सोडवावी लागली. हेटीनं हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं. नवरा गेल्याचं दुःख होतंच, ते कुठं जातंय! पण त्याच्याआधी तिच्या मनात जे आलं ते हे होतं: ती माझी जागा होती. तो हात माझा असायला हवा होता.

इस्पितळात तिनं विनीला विचारलं होतं, "काय बोलत होता गं तो?"

"काही नाही," विनी नजर चुकवत म्हणाली होती. "एका झटक्यात गेला बघ. त्याला कळलंसुद्धा नाही."

खोटारडी! साऱ्या गल्लीनं त्याचा आवाज ऐकला होता. माझ्या माणसाचे शेवटचे शब्द घेऊन बसलीय आणि मला एकही देत नाही. तीन वर्षं हेटी रोज विनीला बघत होती, तिच्याबरोबर फेऱ्या मारत होती, हसत होती, आणि आतल्या आत जळत होती. विनीचा तो वाकडा हात दिसला की तिला क्लेमची मूठ दिसायची. ट्रॉलीबसमध्ये लोक विनीला उठून जागा द्यायचे. विधवेला कोण जागा देतंय? विधवा गल्लोगल्ली होत्या.

आणि आता वर ही पट्टी!

हेटी उठली. जिन्याखालच्या अडगळीचं दार तिनं उघडलं. तिथं खिळ्याला क्लेमचा वॉर्डनचा कोट टांगलेला होता. दुसऱ्या खिळ्याला त्याची बँडची टोपी. कोळ्यांच्या बँडमध्ये तो कॉर्नेट वाजवायचा. एरवीचं काम धक्क्यावर मासेमारीची जाळी दुरुस्त करायचं. त्याला एकच गाठ यायची, जाळ्याची. कोटाचं बटण तुटलं तरी पठ्ठ्या डांबरी दोऱ्यानं जाळ्याची गाठ मारून लावायचा. सोडवायला गेलं की ती आणखी आवळायची. "अरे, बटण आहे ते, मासा नाही," हेटी म्हणायची, आणि तो म्हणायचा, "निसटत नाही ना? मग झालं."

टोपीला सोनेरी गोट होता. हेटीनं कात्री घेतली. गोटाचा तेवढाच तुकडा कापला, कडा आत दुमडल्या आणि विनीच्या कोटाच्या डाव्या बाहीवर उभा टाचून टाकला. फरक ओळखायला शिवणारणीचीच नजर लागली असती. मग विनीची खरी पट्टी तिनं क्लेमच्या कोटाला लावली. बारीक, सुबक टाके घातले. बाहीवर हात फिरवून म्हणाली, "घे. तुझी तुला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठाण्यावर विनीचं कौतुकच कौतुक! मुख्य वॉर्डन ब्लेंकिन, एरवी तोंडातून पाइप न काढणारा माणूस, उभा राहून दोन शब्द बोलला. तळणवाल्या मिसेस कॅपेलनं बटाट्याच्या दोन जास्तीच्या पॅटी कागदात बांधून पाठवल्या. "जखमी वीरांगनेला," म्हणे!

"हेटी, काय सुरेख लावलीस गं," विनी बाही नाचवत म्हणाली.

"शोभतेय तुला," हेटी म्हणाली. मनात म्हणाली, मिरव, बँडच्या टोपीचा तुकडा मिरव. कितीतरी दिवसांनी तिला पॅटी गोड लागली.

ती घरी आली तेव्हा अडगळीच्या दाराखालून पांढरी भुकटी बाहेर आली होती.

चुना असेल, भिंतीचा पोपडा पडला असेल, असं म्हणून तिनं ती झाडली. पण वास काही जाईना. जुना चुना, ओली माती, गॅस, जळकं लाकूड. हल्ल्यात कोसळलेल्या घराचा वास एकदा ज्याच्या नाकात गेला त्याला दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही. हेटीनं दार उघडलं. आत अंधार. कोट जागच्या जागी लटकत होता आणि त्याच्या खांद्यांवर धूळ होती.

"आता गं बाई," ती पुटपुटली, "कालच तर झटकला होता."

टाके नीट आहेत ना ते बघावं म्हणून तिनं डाव्या हातानं बाहीची कड धरली.

बाहीत हात होता.

गार, खरखरीत, धुळीनं माखलेला. तो तिच्या बोटांभोवती मिटला. ती मूठ तिच्या ओळखीची होती. अंगठ्यापाशी दोऱ्यानं पडलेला तो घट्टा तिला अंधारात कुठंही ओळखू आला असता.

"हात सोडू नको..." कोटाच्या आतून, खूप खालून आवाज आला. "येतायत ते... हात सोडू नको, विनी..."

विनी!

भीती होतीच, पण त्या एका नावानं हेटीच्या अंगाचा असा तिळपापड झाला की भीती मागं पडली. तीन वर्षांनी आला, माझ्या घरात आला, आणि नाव कुणाचं घेतो? मी हेटी आहे म्हणून ओरडायला तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात तो पुन्हा बोलला.

"एक ऐक... हेटीला सांगू नको..."

हेटीनं तोंड मिटलं. श्वास रोखून ती ऐकत राहिली.

"हेटीला सांगू नको, की..."

कुठूनशी शिट्टी वाजली. लांब, बारीक. तो आवाज थांबला, मूठ विरली. हेटीच्या हातात नुसती रिकामी बाही राहिली.

दुसऱ्या कुणी कोट जाळला असता, पाद्री बोलावला असता. हेटीनं काय करावं? तिनं बोटातली लग्नाची अंगठी काढून साखरेच्या रिकाम्या डब्यात टाकली. विनीचं लग्न झालेलं नव्हतं. त्याच्या हाताला अंगठी लागली, की त्याला कळणार. कळलं की तो गप्प बसणार. आणि ते शब्द तर तिला हवे होते, मग विनी होऊन मिळाले तरी चालतील.

मग ते रोजचंच झालं. धुकं उतरलं, दिवेलागण झाली, की हेटी अडगळीत शिरून दार ओढून घ्यायची आणि बाही धरायची. हात यायचा. "हात सोडू नको, विनी..." "नाही सोडत," हेटी विनीसारखा आवाज काढून हळूच म्हणायची. तो खूप काही बोलायचा. धक्क्याचं, बँडचं, पाण्याचं. तहान लागलीय म्हणायचा. पण त्या वाक्याशी आला की शिट्टी व्हायची. दर वेळी मूठ आदल्या दिवसापेक्षा घट्ट असायची. हेटीची बोटं सुजायला लागली. मग आत वळायला लागली. सकाळी उठून ती बोटं सरळ करू बघायची आणि कळ थेट काखेत जायची. ठाण्यावर ती हातमोजा घालून जाऊ लागली.

एका दुपारी विनी धावतपळत आली. दारातूनच ओरडली, "हेटी, हे बघ! हे बघ काय झालंय!"

तिनं डावा हात पुढं केला. बोटं सरळ होती. उघडत होती, मिटत होती. "डॉक्टर म्हणतो, असं होतच नसतं. आज मी दोन्ही हातांनी कणीक मळली! तू का अशी पांढरी पडलीस? बरं नाही का?"

"काही नाही. बस." हेटीनं आपला हात झग्याच्या घडीत लपवला. मग तिला राहवेना. "विनी, आज खरं सांग. त्या रात्री भिंतीखाली... क्लेम काय म्हणाला होता?"

विनीच्या कपाळावर आठी पडली. "कुठल्या भिंतीखाली?"

"थट्टा करू नको."

"थट्टा कशाला करू? क्लेम म्हणजे तुझा नवरा ना? त्यांच्याशी माझी कधी गाठच पडली नाही गं. पडली असती तर आठवलं नसतं?" आणि कोटाची बाही पुढं करून विनी म्हणाली, "आणि हे बघ, ही चकचकीत फीत कुणी लावली माझ्या कोटाला? मला तर कधी खरचटलंसुद्धा नाही. बँडवाल्याची दिसते. ब्लेंकिनना दाखवली, तर ते म्हणाले, कुणीतरी मस्करी केली असेल. काढून टाक बाई. तूच शिवतेस सगळं, म्हणून तुझ्याकडे आणली."

ब्लेंकिनसुद्धा? दोन शब्द बोलला होता तो, उभा राहून! हेटीनं कात्री घेतली. उजव्या हातानं कसेबसे टाके उसवले. विनी तिला जवळ घेऊन, गालाचा मुका घेऊन, गाणं गुणगुणत गेली. तिचा निरोगी हात धुक्यात हलताना दिसला, मग दिसेनासा झाला.

हेटी टेबलाशी बसून राहिली. हवं होतं ते सगळं मिळालं होतं तिला. ती रात्र आता विनीची उरली नव्हती. आता साऱ्या जगात क्लेमचे शेवटचे शब्द ऐकणारं कुणी राहिलं असेल तर ती एकटीच. तिला हसू यायला हवं होतं. पण ती उसवलेला तुकडा बोटांत फिरवत राहिली.

तरी दिवेलागणीला ती उठलीच. बाहेर इतकं धुकं की समोरचं घर दिसत नव्हतं. अडगळीचं दार तिनं ओढून घेतलं. धूळ घशात गेली. या वेळी बाही धरावी लागली नाही. हातच पुढं आला.

"विनी..."

"हं."

"मी... मी रडलो ते हेटीला सांगू नको."

शिट्टी झाली नव्हती.

"भ्यालो मी, विनी. फार भ्यालो. तिला वाटू दे एका झटक्यात गेलो... मला कळलंसुद्धा नाही, असं सांग. सांगशील ना? शपथ घे..."

अंधारात हेटीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शपथ होती ती! विनीनं तीन वर्षं पाळलेली शपथ. काही चोरलं नव्हतं तिनं. हेटीचा तुटकपणा मुकाट सोसला होता, नजर चुकवली होती, पण शब्द मोडला नव्हता. आणि आता तर तिला शपथही आठवत नव्हती.

"घेतली," हेटी कसंबसं म्हणाली.

"बरं झालं..." त्याचा आवाज शांत झाला. "बरं झालं, हेटी घरी आहे. तेवढं एकच बरं झालं बघ. ती घरी आहे, म्हणून मला इथं..."

तो थांबला. त्याचा अंगठा तिच्या बोटांवरून फिरत होता. अंगठी नव्हती तिथं. पण वीस वर्षं घातलेल्या अंगठीचा खोलगट वळ होता, आणि तो काही डब्यात टाकता येत नाही. अंगठा त्या वळावर आला आणि तिथंच थांबला. मग पुन्हा एकदा, सावकाश, त्यावरून फिरला.

"विनी...?"

हेटीनं बोटं ओढून घ्यायला बघितली.

"कोण आहे...?"

"मी आहे, क्लेम," ती म्हणाली. "मी हेटी."

मग अंधारात, तिच्या अगदी कानाशी, तिनं जन्मात कधी न ऐकलेला आवाज आला. क्लेम रडत होता.

"तू... तू आत कशी आलीस? तुला घरी राहा म्हटलं होतं ना मी... घरी राहा म्हटलं होतं..."

मूठ आवळली. हाडं करकरली. त्याच क्षणी शिट्टी वाजली, पण लांबून नाही. डोक्यावर.

हेटी शुद्धीवर आली तेव्हा स्वयंपाकघराच्या फरशीवर पडली होती. खिडकीत करडं उजाडलं होतं. अडगळीचं दार सताड उघडं होतं. क्लेमचा कोट खिळ्याला होता, स्वच्छ, धुळीचा कण नाही त्यावर. डाव्या बाहीवर पट्टी नव्हती. तिनं घातलेले टाकेही नव्हते, सुईची भोकंसुद्धा नव्हती.

ती उठायला गेली. डावा हात छातीशी वाकडा होऊन बसला होता, बोटं आत. बघणाऱ्याला वाटलं असतं, वर्षानुवर्षं तो तसाच आहे. मग तिची नजर आपल्या कोटाकडे गेली. रोज ठाण्यावर घालायचा, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला.

डाव्या बाहीवर, मनगटाच्या वर, सोनेरी पट्टी होती. उभी लावलेली. चारही कोपऱ्यांना जाड डांबरी दोरा होता आणि दोऱ्याला जाळ्याच्या गाठी होत्या. हेटीनं कात्री घेतली, पण डांबर अजून ओलं होतं, पातं घसरत होतं. मग तिनं नखानं गाठ उचकटायला घेतली. गाठ आणखी आवळली.

ती खुर्चीत बसली. गल्लीत दूधवाल्याची गाडी आली. बाटल्यांचा आवाज झाला, कुणीतरी कुणाला हाक मारली. आणि मग शिट्टी वाजली. गाडी थांबली, बाटल्या थांबल्या, हाक अर्धी राहिली. सगळी गल्ली एकदम चिडीचूप झाली.

छताच्या वरून कुणीतरी विटेवर तीन ठोके दिले.